हातचा

यादी बुधवारी दुपारी आली.
एकच नाव होतं, आणि ते माझं.
मॉर्व्हन गेडीसनं चष्मा कपाळावर सरकवला,
स्क्रीन वाचली, म्हणाली,
"स्ट्रुअन, तुझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.
दारावरची पाटी व्हायच्या आत सांग त्यांना."

नऊ वर्षांपूर्वी मी अ‍ॅबर्डीनच्या ह्या फर्ममध्ये आलो,
तेव्हा नावे आणि जमा ह्यांतलं डावं-उजवं
तिनंच मला शिकवलं होतं,
कँटीनच्या ट्रेवर मीठदाणी आणि मिरपूड मांडून.
ताळा जुळेना म्हणून रडकुंडीला आलो होतो,
तर ती म्हणाली, आधी फरकाला नऊनं भाग.
भाग गेला तर समज
पैसे कुणी खाल्लेले नाहीत,
घाईत दोन आकड्यांनी आपसांत जागा बदललीय.

तिची अठरा वर्षं. माझी नऊ.
त्या रात्री दात घासता घासता
वजाबाकी झाली,
आणि तोंडात फेस तसाच धरून मी उभा राहिलो.

बैठकीत काय झालं ते लॅमंटसाहेबांनीच सांगितलं,
खांद्यावर हात ठेवून:
"गेडीसला हलवली तर खालचं सगळं कोसळेल.
ती आहे तिथं सोन्यासारखी आहे."
मी मान हलवली.
कशी हलवली ते आता नीट आठवत नाही.
नाही, खोटं कशाला. होकारार्थीच.
घराचा हप्ता होता. एल्स्पेथला सातवा महिना होता.
ही कारणं खरी आहेत,
फक्त ती कुठल्या रकान्यात लिहायची
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

शाळेतल्या बेरजेत हातचा असतो ना,
वर कोपऱ्यात, बारीक, पेन्सिलीनं.
त्याच्यावाचून गणित एक घर पुढे सरकत नाही,
आणि उत्तर आलं की तो खोडायचा,
वही स्वच्छ दिसावी म्हणून.
फ्रेझरबर्गच्या बोटवाल्यांचे ताळेबंद,
बुडालेल्या दोन डिस्टिलऱ्या,
तीन भावांच्या भांडणातलं ते हॉटेल,
सगळीकडे वर कोपऱ्यात ती.
खाली सही कुणा ना कुणाची.

केक आला. तो तिनंच कापला,
सारखे तुकडे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत.
बावीस माणसं, बावीस ताटल्या.
शेवटची ताटली तिची, तिच्यात नुसती सुरी.

नव्या खुर्चीतलं माझं पहिलं काम:
तिचा वार्षिक अहवाल लिहिणं.
रकाना सहा, पुढील वाटचालीची क्षमता.
गेल्या वर्षीचं उत्तर तिथं होतंच:
"विश्वासू. जागेवर उत्तम."
त्याच्या आदल्या वर्षी तेच. त्याच्याही आदल्या.
मी ते पुसलं.
मग अकरा वाजेपर्यंत कर्सर लुकलुकत राहिला.

एकतीस डिसेंबरची मोजणी दर वर्षी तिचीच.
पीटरहेडचं शीतगृह, उणे बावीस,
गोठलेल्या हॅडॉकची खोकी,
बाहेर गावभर फटाके, आत ती आणि क्लिपबोर्ड.
ह्या वर्षी तीस तारखेला संध्याकाळी
ती माझ्या दाराशी आली. आत नाही आली.
पाटी निरखली. स्पेलिंग बरोबर होतं.
"उद्या मी जाणार नाही," म्हणाली,
आवाज न चढवता, बसची वेळ सांगावी तशी,
आणि हातमोजे पुढे केले.
"शाई गोठते तिथं. पेन्सिल ने."

मोजे घट्ट होतात मला.
डाव्या अंगठ्याला निळ्या लोकरीचं रफू आहे.
थप्पीमागे थप्पी, तीनशे बारा, तीनशे तेरा,
श्वासाची वाफ कागदावर बसते,
दाराबाहेर कुठेतरी बारा वाजतात,
रखवालदार कुणाला तरी फोनवर शुभेच्छा देतो
आणि माझी मोजणी चुकते.

मी पहिल्या थप्पीशी परत येतो.
एक.